दिवंगत सदस्यांना निम्मा दर

२ मार्च, सोमवार. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायला नाही, माझी मला. स्वतंत्र धंदा करणाऱ्याने विचारांची नोंद ठेवावी. पाच महिन्यांपूर्वी कंपनीने पुनर्रचना केली आणि त्या रचनेत मी बसलो नाही. बरंच झालं. नाहीतर ‘आळीपाळी’कडे लक्ष द्यायला वेळ कधी मिळाला असता?

नोंदीसाठी लिहून ठेवतो. समूहांच्या वेबसाइट चालवायचं एक सॉफ्टवेअर आहे. ते फुकट. त्याला जोडायची छोटी छोटी अ‍ॅप्स माझ्यासारखे लोक लिहितात आणि विकतात. माझं अ‍ॅप पाळ्या लावतं. जिना कुणी झाडायचा, हॉलची चावी कुणाकडे, गाडी कोण काढणार. ज्याची पाळी त्याला आदल्या संध्याकाळी मेसेज जातो. बस. आधी नाव नुसतं ‘पाळी’ ठेवलं होतं. ही आणि मेव्हणी पोट धरधरून हसल्या. का हसल्या ते मला दोन दिवसांनी उमगलं. तोवर दोन अनोळखी बायकांनी त्यात आपापल्या तारखा भरल्या होत्या.

सध्या ६१ समूह वापरतात. भाव वर्षाला सिनेमाच्या दोन तिकिटांएवढा. नऊ बिऱ्हाडांच्या इमारतीला तेवढाच आणि हजार माणसांच्या मंडळालाही तेवढाच. हा न्याय आहे का?

नाही.

संकल्प: १) भाव न्याय्य करणे. २) रोज सहाला उठणे.

४ मार्च, बुधवार

उठलो ८.४०. न्यायाचा विचार डोक्यात असला की झोप लागत नाही, आणि लागली की सुटत नाही.

ही चष्म्याच्या दुकानात कामाला गेली. जाताना फ्रीजवर चिठ्ठी लावून गेली की गॅस संपत आलाय, सिलिंडरचं बघ. मी मोठ्या प्रश्नात आहे हे तिला सांगायला हवं.

७ मार्च, शनिवार

सापडलं! दर सदस्यामागे महिन्याला एक नाणं. नऊ माणसं, नऊ नाणी. हजार माणसं, हजार नाणी. ज्याला जेवढा फायदा, तेवढा त्याचा वाटा. इतकं सोपं की कुणाला सुचलं कसं नाही!

दुपारी साडू आणि मेव्हणी जेवायला. साडू टायरचं दुकान चालवतो. त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, साडूभाऊ, मी चार टायर घेणाऱ्याला भाव कमी करतो, वाढवत नाही. आणि गिऱ्हाइकाच्या घरात माणसं किती हे मोजून तर आजवर कुणी टायर विकला नाही. मी म्हणालो, टायर वेगळे. तो म्हणाला, हो, टायर फुटला तर लोक माझ्या दारात येतात, तुझं अ‍ॅप फुटलं तर कुठे जातील? विषय सोडून बोलायची त्याची जुनी खोड.

हिने विचारलं, हे सगळं त्यांच्या न्यायासाठी की आपल्या घरखर्चासाठी? मी म्हणालो, न्यायासाठी. घरखर्च हा योगायोग.

९ मार्च, सोमवार

सगळ्या ६१ समूहांना पत्र धाडलं. शीर्षक: ‘एका न्याय्य भविष्याकडे’. १ एप्रिलपासून नवा दर. त्या दिवसापासून पैसे भरायला सात दिवसांची मुदत. आठव्या दिवशी अ‍ॅप आपोआप बंद. बंद व्हायचा कोड अकरा ओळींचा. फार सुबक उतरलाय.

हिचं म्हणणं, बंद कशाला? नवीन सुधारणा देऊ नकोस, पण जे चालू आहे ते चालू दे ना. बाकीचे तसंच करतात. मी म्हणालो, बाकीचे म्हणून तर मागे आहेत.

१० मार्च, मंगळवार

उत्तरं आली. सतरा. अभिनंदन करणारं अजून एकही नाही, पण लोकांना वाचायला वेळ लागतो.

कबुतरवाल्यांच्या क्लबने विचारलंय, कबुतरं धरायची का? त्यांनी प्रत्येक कबुतराचं फोटोसकट खातं उघडलंय. माणसं बावीस, कबुतरं चारशे.

११ ते १४ मार्च

‘सदस्य म्हणजे काय’ ही व्याख्या लिहिण्यात गेले. चार पानं झाली. पक्षी वगळले.

१६ मार्च, सोमवार

एक वेगळं पत्र. डायलिसिसवर असलेल्या लोकांचा एक समूह आहे. त्यांना आठवड्यातून तीनदा पहाटे गाडीने न्यायचं, दुपारी आणायचं. स्वयंसेवकांच्या पाळ्या ‘आळीपाळी’वर लागतात. चालवणारी बाई निवृत्त नर्स. सगळे तिला सिस्टर म्हणतात, पत्राखाली सहीसुद्धा तीच.

तिने लिहिलंय: आमचे सदस्य ११४०. गाडी चालवणारे सव्वीस. पेशंट चौतीस. बाकी नातेवाईक, जुने लोक. आणि ३१२ जण आता हयात नाहीत. त्यांची नावं आम्ही काढत नाही. घरचे लोक अधूनमधून येतात आणि त्यांच्या पानावर काहीतरी लिहून जातात. तुमच्या दरात त्यांचं काय?

बिनतोड प्रश्न. दिवसभर अस्वस्थ. असा प्रश्न पडला की आपण योग्य मार्गावर आहोत हे कळतं.

१७ मार्च, मंगळवार. रात्री ११

सुटला. दिवंगत सदस्यांना निम्मा दर.

कारण बघा. पूर्ण दर लावला तर माणुसकी नाही. शून्य लावला तर जिवंतांवर अन्याय, कारण माझ्या डेटाबेसमध्ये जागा दोघेही सारखीच अडवतात. निम्मा हा मध्य. यादीत एक नवीन खूण जोडली. तिच्यावर क्लिक केलं की सवलत लागू होते. मृत्यूच्या दाखल्याची अटही घालणार होतो, पण तो अतिरेक वाटला. विश्वास ठेवायला शिकलं पाहिजे.

हिला जेवताना मोठ्या उत्साहाने सांगितलं. तिने हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाली, तू ते पाठवलंस? मी म्हणालो, हो, सकाळीच. ती उठली आणि ताट घासायला घेऊन गेली. ताटात अर्धं जेवण तसंच होतं.

तिला धंद्यातलं फारसं कळत नाही. पण चष्म्याचे नंबर अचूक काढते.

२० मार्च, शुक्रवार

सिस्टरचं उत्तर एका ओळीचं. ‘तुमचं पत्र मी समूहात टाकलेलं नाही, कारण लोक दुखावतील.’ म्हणजे मसुद्यात भाषा अजून सौम्य हवी होती. पुढच्या वेळी.

अ‍ॅप जिथे विकतो त्या बाजारपेठेच्या पानावर नवीन अभिप्राय. एक तारा. ‘अ‍ॅप उत्तम. माणूस’ इतकंच दिसतं, पुढचे शब्द तिथल्या व्यवस्थापकाने झाकले आहेत. ‘उत्तम’ हा शब्द दिसतोय हे महत्त्वाचं.

समूह आता ४४.

२३ मार्च, सोमवार

तक्रारींनी डोकं भणभणलं. एका ठिकाणी वाचलं की यशस्वी लोक दिवसभर मेल बघत नाहीत. पटलं. संकल्प: ग्राहकांच्या सगळ्या मेल थेट ‘तक्रारी’ नावाच्या फोल्डरमध्ये जातील. तो फक्त शुक्रवारी ११ वाजता उघडायचा. तोवर आपोआप उत्तर: ‘आपलं मत आम्हाला मोलाचं आहे. ते शुक्रवारी वाचलं जाईल.’

दुपारी शांत वाटलं. दोन वर्षांत इतकं शांत वाटलं नव्हतं. झोपलो.

२७ मार्च, शुक्रवार. ११.००

फोल्डर उघडला. ९३. सगळ्यांना ती चार पानं पाठवली. ११.२० ला बंद. शिस्त.

१ एप्रिल, बुधवार

नवा दर लागू. समूह २९. हौशे गेले, गरजू राहिले. यालाच म्हणतात पाया पक्का होणं.

हिच्या दुकानात एका कामाची जागा आहे म्हणे, कॉम्प्युटरवर स्टॉक बघायची. मालक तिला माझ्याबद्दल विचारत होता. मी म्हणालो, सध्या शक्य नाही, पाया पक्का होतोय. ती म्हणाली, कसला? मी २९ हा आकडा सांगितला. तिने मान हलवली, पण ती होकाराची मान नव्हती.

३ एप्रिल, शुक्रवार

आज ‘तक्रारी’ उघडता आला नाही. अपवाद. अ‍ॅप बनवणाऱ्यांच्या मेळाव्यात माझं भाषण होतं, विषय ‘जोड-अ‍ॅपची न्याय्य किंमत’. बोलावलं नव्हतं, पण एक वक्ता आजारी पडला आणि मी फोन केला. समोर नऊ जण. त्यातले दोघे पुढच्या भाषणासाठी आधीच येऊन बसलेले. शेवटी एकाने विचारलं, तुमचा दर लागू झाल्यावर ग्राहक वाढले की घटले? मी म्हणालो, प्रश्न संख्येचा नाही. त्याने वहीत काहीतरी लिहिलं. दाद देणारा एक तरी असतोच.

८ एप्रिल, बुधवार

मुदत संपली. कोड चालला. सात समूह आपोआप बंद झाले, कुठेही एरर नाही. अकरा ओळी. स्वतःची पाठ थोपटली. म्हणजे खरोखरच थोपटली. हात जिथवर पोचला तिथवर.

१० एप्रिल, शुक्रवार. ११.००

फोल्डर उघडला.

सिस्टरच्या तीन मेल.

२ तारखेची: नवा दर आम्हाला जड आहे, पण पाळ्या मोडून चालणार नाही. भरायला तयार आहोत. समितीच्या दोघांच्या सह्या लागतात, एकजण शनिवारी ११ तारखेला परततोय. तेवढे चार दिवस वाढवून द्या.

६ तारखेची: कृपया उत्तर द्या.

८ तारखेची: फोन नंबर द्या.

तिन्हींना माझं आपोआप उत्तर गेलेलं. मोलाचं आहे. शुक्रवारी वाचलं जाईल.

११.०९

चालू करून दिलं. चार मिनिटांत. एवढ्या वेगाने कोण ग्राहकाचं काम करतं?

११.४०

नंबर शोधून सिस्टरला फोन केला. म्हटलं, अडचण दूर झाली आहे, सर्व्हरच्या बाजूने थोडं बिघडलं होतं. ती म्हणाली, थांबा, मी वॉर्डात आहे, बाहेर येते. मग बाहेर येऊन तिने सांगितलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

त्यांचे एक पेशंट आहेत, घड्याळं दुरुस्त करायचे. घड्याळकाका. एकटे राहतात. मंगळवार, गुरुवार, शनिवार त्यांचं डायलिसिस. बुधवारी संध्याकाळी मेसेज गेला नाही, म्हणून ज्याची पाळी होती त्याला वाटलं, आपली नाही. बाकीच्यांचं घरच्यांनी निभावलं. हे गुरुवारी पहाटे साडेपाचला पिशवी घेऊन दाराबाहेरच्या पायरीवर येऊन बसले. साडेदहापर्यंत बसून होते. कुणाला त्रास नको म्हणून फोन केला नाही. मग आत जाऊन झोपले. रात्रीपासून दम लागला. आज सकाळी शेजारणीने सिस्टरला फोन केला. छातीत पाणी झालंय.

मी विचारलं, पण ते बरे आहेत ना? ती म्हणाली, ऑक्सिजनवर आहेत. मग म्हणाली, मी पण चुकलेच, मशीनवर भरवसा ठेवला, आधी रोज फोन करायचे मी. मी म्हणालो, नाही नाही, तुमची चूक नाही.

११ एप्रिल, शनिवार

कोड पुन्हा तपासला. कोडमध्ये दोष नाही. जसा लिहिला तसाच चालला.

जेवण गेलं नाही.

१२ एप्रिल, रविवार

हिला सांगितलं. सुरुवात अशी केली की एका ग्राहकाची गैरसोय झाली. तिने विचारलं, कोणाची? सांगितलं. कुठे आहेत? सांगितलं. तिने चपला घातल्या. म्हणाली, चल. मी म्हणालो, भेटायची वेळ चारला असते. ती चपला न काढता चारपर्यंत बसून राहिली.

लांबट वॉर्ड. खिडकीपाशी कॉट. काका बारीक, दाढी वाढलेली, नाकात नळी. मनगटावर घड्याळाच्या जागी पांढरा पट्टा. माफी मागायची हे मी येताना पक्कं केलं होतं. पण माफी मागायची तर नेमकं काय झालं ते आधी सांगायला नको का? म्हणून सांगायला लागलो. दर सदस्यामागे का, मुदत सातच दिवसांची का. दिवंगतांच्या सवलतीचा मुद्दाही निघाला, तेव्हा ही उठून बाहेर गेली. काका डोळे मिटून ऐकत होते. मध्येच डोळे उघडून म्हणाले, विम्याचे कागद माझ्या पुतण्याकडे आहेत हो, त्याच्याशी बोला.

माफी राहिली.

ही व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती. घरी दाराची किल्ली फिरवताना म्हणाली, पाच तास रे. पाच तास ते माणूस पायरीवर बसलं. तू एकदा बसून तरी बघ.

१३ एप्रिल, सोमवार. सकाळी ६

बसलो. आपल्याच इमारतीच्या पायरीवर, साडेपाचपासून. सोबत पिशवीही घेतली होती. पायरी गार. पाच मिनिटांनी पाठ दुखायला लागते. गाडीचा आवाज आला की मान आपोआप वर होते, मग ती गाडी निघून जाते. वरच्या मजल्यावरच्या बाई खाली आल्या आणि म्हणाल्या, काय हो, घरातून काढलं का? हसलो.

वीस मिनिटं. मुद्दा लक्षात आला.

नाही. वर येऊन हे लिहितोय, तरी खालून गाडीचा आवाज आला की मान अजून वर होते. वीसच मिनिटं.

१५ एप्रिल, बुधवार

निर्णय. पेशंटांच्या सर्व समूहांना ‘आळीपाळी’ कायम मोफत. यावर सविस्तर भूमिका लिहिली. अठराशे शब्द. शीर्षक: ‘न्यायाच्या पलीकडे’. आतून हलून लिहिलंय. बंद व्हायचा कोडही काढून टाकला. अकरा ओळी पुसायला एक सेकंद लागला.

सिस्टरला पाठवलं. हे वाचून ती नक्की फोन करेल.

१६ एप्रिल, गुरुवार

फोन नाही. वाचत असेल. अठराशे शब्द आहेत.

१७ एप्रिल, शुक्रवार

सिस्टरची मेल. ‘धन्यवाद. आम्ही शनिवारीच तुमचं अ‍ॅप काढून टाकलं. आता भिंतीवर तक्ता आहे आणि संध्याकाळी मी सगळ्यांना फोन करते. काका सोमवारी घरी जातील.’

तीन वेळा वाचली. माझ्या भूमिकेबद्दल एक अक्षर नाही. मग चौथ्यांदा फक्त शेवटचं वाक्य वाचलं.

समूह ५.

२० एप्रिल, सोमवार

जुना भाव परत लावला. सगळ्यांना पत्र, या वेळी दोन ओळींचं. कबुतरवाल्यांचं उत्तर आलं: आम्ही एका विद्यार्थ्याने केलेलं फुकटचं घेतलं, त्यात कबुतरं चालतात.

साडूचा फोन. हिने त्याला सांगितलेलं दिसतं. मला वाटलं, आता ऐकवणार. त्याने काहीच ऐकवलं नाही. उलट सांगत बसला की त्याने एकदा एका गाडीचे नट नीट आवळले नव्हते आणि ते त्याला चार दिवसांनी अंथरुणात आठवलं. मी विचारलं, मग? तो म्हणाला, मग काय, पत्ता शोधत गेलो. गाडी दारात उभी होती, ठीक होती. तरी अजून कधीकधी झोपेत जाग येते.

२३ एप्रिल, गुरुवार

सिस्टरला फोन केला. कागदावर मुद्दे काढले होते, ते बाजूला ठेवले. विचारलं, गाडीसाठी माणूस कमी पडतो का? ती म्हणाली, नेहमीच. गाडी कसली आहे, तिने विचारलं. लायसन्स आहे का? पहाटे उठता का?

तिसऱ्या प्रश्नावर थोडा थांबलो. हो म्हणालो.

ती म्हणाली, मंगळवारी एक पाळी रिकामी आहे. घड्याळकाकांची. तिने विचारलं, काय करू, लिहू? मग म्हणाली, त्यांना काही सांगायची गरज नाही. वेळेवर या म्हणजे झालं.

२७ एप्रिल, सोमवार

गाडीत हवा भरली, मागची सीट साफ केली. गजर तीन लावले. माफीची चार वाक्यं पाठ केली. दराचा उल्लेख कुठेही नाही. हिला म्हणून दाखवली. तिने दुसरं वाक्य काढायला सांगितलं. काढलं.

संध्याकाळी सिस्टरचा फोन आला. उद्या तुमची पाळी, साडेपाच. एवढंच बोलून तिने ठेवला.

२८ एप्रिल, मंगळवार. दुपारी ३

पाच वाजून दहा मिनिटांनी पोचलो. ते पायरीवर नव्हते. दिवा लावून आत बसले होते, दार उघडं ठेवून. मला बघून स्वतःच उठले. हात धरू दिला नाही, पिशवी दिली.

ओळखलं नाही त्यांनी. विम्याचा माणूस म्हणूनही नाही.

गाडी सुरू केली. तीन वाक्यं तोंडाशी घेऊन बसलो होतो. पहिला सिग्नल गेला, दुसरा गेला. तिसऱ्यापाशी तोंड उघडणार, तर त्यांनीच विचारलं, नवीन दिसता, काय करता तुम्ही?

सॉफ्टवेअर म्हणालो असतो. जोड-अ‍ॅप म्हणालो असतो. भाषणाचं सांगितलं असतं. सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला.

म्हणालो, सध्या काहीच नाही.

ते म्हणाले, अरे वा. मग गुरुवारीही मोकळेच असाल.

हो म्हणालो. असतोच.